काही श्रोत्यांना वाटतं

ते पत्र पाठकोऱ्या कागदावर लिहिलेलं होतं. एका बाजूला शर्टांच्या मापांचा छापील तक्ता आणि दुसऱ्या बाजूला निळ्या शाईतल्या ओळी, शिवण घातल्यासारख्या सरळ. एकोणीस वर्षांत घडी इतक्या वेळा उघडली आणि मिटली होती, की मधल्या ओळीतली अक्षरं घडीनंच खाऊन टाकली होती. त्यानं काही अडत नव्हतं. पुस्तकरावांना पत्र तोंडपाठ होतं.

"साहेब," असं त्यात होतं, "रविवारी तुम्ही माझंच पत्र वाचलंत. पहिली तीन वाक्यं माझी. चौथं माझं नाही. तुमच्याकडे माझ्या मालाची चोरी होते हे मला दोन वर्षं ठाऊक आहे. मी बोलले नाही, उलट बरं वाटायचं. पण चोरानं न्यायचं तर न्यावं, घरात नवं सामान आणून ठेवू नये. इथल्या बायकांनी माझं पत्र आधीच ऐकलं होतं. आता त्या म्हणतात, मी फिरले. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, की ते चौथं वाक्य माझं नाही. आणि एवढंच सांगा, ते तुम्ही बदललंत की वरून कुणी बदलायला लावलं? राग कुणावर धरायचा ते ठरवायला बरं."

खाली पूर्ण नाव आणि पत्ता. उत्तरासाठी तिनं आपल्या पैशानं तिकीट लावलेलं पाकीटही जोडलं होतं. तेही अजून होतं, कोरंच्या कोरं.

पुस्तकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रेडिओ केंद्रात ते संहिता लिहायचे, म्हणजे दुसऱ्यांनी बोलायचं ते हे कागदावर उतरवून द्यायचे. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं खायचे आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरायचे, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. माणूस भिडस्त इतका, की लिफ्टमध्ये साहेब शिरले तर हे पुढच्या मजल्यावर उतरून जिन्यानं जायचे. मायक्रोफोनसमोर एकदाच बसवलं होतं. तेव्हा तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून तंत्रज्ञानं यंत्र तपासलं होतं.

दर रविवारी सकाळी पंधरा मिनिटांचा एक कार्यक्रम असायचा. आठवड्यात काय ऐकलं, काय पाहिलं, काय वाचलं, गावात काय चाललंय, यावर मोकळ्या गप्पा. लिहायचे पुस्तकराव आणि वाचायचा निवेदक. निवेदकाचा आवाज असा, की त्यानं औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचली तरी बायका काम थांबवून ऐकतील. श्रोत्यांची पत्रं ढीगभर यायची. बहुतेकांत स्तुती असायची, म्हणजे त्यांत काही नसायचं. आणि दर मंगळवारी एक पाठकोरा कागद यायचा.

ती शर्टांना काजं करणारी बाई होती. एका कारखान्याच्या लांबट खोलीत वीसेक बायका काजं-बटणं करत बसायच्या, मध्ये खिडकीत रेडिओ. हात कामात आणि कान रिकामे, अशी ती सगळी फौज. या बाईला प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते तिनं कधी दुधात घालून पाजलं नाही. एका लोकप्रिय गायकाबद्दल तिनं लिहिलं होतं, "हा गाताना स्वतःच रडतो. रडायचं काम ऐकणाऱ्याचं आहे. त्यानंच उरकून टाकलं तर आम्ही काय करायचं?" गावभर चाललेल्या एका सिनेमाबद्दल, "नायिका मेली म्हणून थेटरात सगळे रडले. अडीच तास तिला कुणी एक वाक्य पुरं करू दिलं नाही, त्याचं कुणालाच काही नाही." वाचनालयातून आणलेल्या एका जाड कादंबरीबद्दल, "पहिली चाळीस पानं लेखक नुसता घसा साफ करतो. पुस्तक चांगलं आहे, पण ते चांगलं आहे हे त्याला लिहितानाच माहीत होतं." आणि नगरपालिकेच्या सभेबद्दल, "दोन्ही बाजू भांडत नाहीत हो. दोघं मिळून आपल्याला झोपवतात."

केंद्रात तिचं नाव पडलं कात्रीबाई. मंगळवारी चहाच्या वेळी तिचं पत्र मोठ्यानं वाचलं जाई आणि सगळे पोट धरून हसत. पुस्तकराव हसत नसत. त्यांना वाटायचं, मी चाळीस वर्षं पुस्तकं वाचली, आणि जे माझ्या मनात नुसतं वळवळत राहतं ते ही बाई दाताखाली दोरा तोडावा तसं एका झटक्यात म्हणून टाकते.

सुरुवातीला त्यांनी सरळपणे तिचं वाक्य घेतलं आणि आधी लिहिलं, "काही श्रोत्यांना वाटतं, की..." नाव द्यायचं तर केंद्राची परवानगी लागायची, परवानगीसाठी साहेबांसमोर उभं राहावं लागायचं, म्हणून नाव नाही. पण निदान ते तीन शब्द होते. दोन-तीन रविवार गेल्यावर निवेदक म्हणाला, हे शब्द जिभेला जड जातात, शिवाय धार बोथट होते, काढून टाका. पुस्तकरावांनी काढले. तीन शब्द, दोन सेकंद. त्यानंतर ती मतं कुणाचीच राहिली नाहीत, म्हणजे हळूहळू त्यांचीच झाली. लोक रस्त्यात निवेदकाला थांबवत आणि निवेदक दिलदारपणे सांगे, अहो, मी नुसता पोपट, डोकं आमच्या पुस्तकरावांचं. पुस्तकराव मान खाली घालत. लोकांना तो विनय वाटे.

अशी दोन वर्षं गेली. मग निवडणूक आली आणि रस्ता आला.

गावातून मोठा रस्ता काढायचा होता आणि तो काजंवाल्या बायकांच्या वस्तीवरून जाणार होता. कात्रीबाईचं पत्र आलं. "रस्ता हवा, नाही कोण म्हणतं. पण ज्यांच्यासाठी होतोय त्यांना चाकं आहेत. ज्यांच्यावरून होतोय त्यांना नुसते पाय आहेत. म्हणून यंदा रस्तेवाल्याला मत नाही, आणि ऐकणाऱ्यांनीही देऊ नये." पुस्तकरावांनी पहिली तीन वाक्यं उतरवून घेतली. चौथ्याशी आल्यावर पेन थांबलं. आदल्या आठवड्यात साहेब त्यांच्या टेबलापाशी येऊन "काय, कसं काय?" एवढंच म्हणून गेले होते. साहेब एरवी कधी यायचे नाहीत. पुस्तकरावांनी त्या "कसं काय" वर चार दिवस विचार केला होता. आता त्यांनी चौथं वाक्य खोडलं. तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण परिच्छेद लंगडा वाटायला लागला, आणि त्यांच्यातल्या लेखकाला लंगडा परिच्छेद बघवेना. त्यांनी लिहिलं, "पण गावाच्या भल्यासाठी पायांनी थोडं बाजूला व्हायला काय हरकत आहे?"

वाक्य सुरेख बसलं. निवेदकानं ते असं वाचलं, की ऐकणाऱ्याला वाटावं आपण आत्ताच बाजूला झालो.

मग ते पत्र आलं. पुस्तकरावांनी पहिल्याच संध्याकाळी उत्तर लिहायला घेतलं. "महोदया, वरून आलेल्या सूचनेनुसार..." इथवर लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सूचना कुठून आली होती? कुठूनच नाही. साहेब त्या दिवसांत दाढ काढून घरी बसले होते. पण बायकोनं विचारलं, हल्ली जेवण का जात नाही, तेव्हा पुस्तकरावांच्या तोंडून निघून गेलं, "वरून दबाव आला होता. एकीचं पत्र बदलावं लागलं." बायको हळहळली. खोटं एकदा घराबाहेर पडलं की त्याला पाय फुटतात. त्यानंतर खरं लिहायचं तर आधी घरात खरं बोलावं लागलं असतं. आज लिहू, उद्या लिहू करता करता एकोणीस वर्षं गेली. कात्रीबाईचं पत्र पुन्हा कधी आलं नाही.

यंदा त्यांच्या भाच्यानं मनावर घेतलं. त्याचं छोटंसं प्रकाशन होतं आणि मामाच्या निवडक संहितांचं पुस्तक काढायचंच, असा त्याचा हट्ट. पुस्तकराव नको नको म्हणाले आणि भाच्याला तोही विनय वाटला. एका सकाळी मुद्रितं आली, तपासायला. भाच्यानं स्वतः प्रस्तावना लिहिली होती. पुस्तकराव लाल पेन्सिल घेऊन बसले आणि दुसऱ्याच पानावर थबकले. "वरून दबाव येत असतानाही मामांनी सामान्य माणसाचा आवाज जपला," असं त्यात होतं. आणि नमुना म्हणून रस्त्याचा परिच्छेद, चारही वाक्यांसकट.

"हे वरून दबावाचं त्याला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"मीच," बायको म्हणाली. "तुम्ही कुठे स्वतःबद्दल चार शब्द बोलणार?"

त्या दिवशी लाल पेन्सिल पुढे सरकली नाही. दुपारी त्यांनी कपाटातून एक जुना शर्ट काढला, न्हाणीघरात जाऊन दाढीच्या ब्लेडनं त्याचं एक काज फाडलं, शर्ट पिशवीत घातला आणि फिरून येतो म्हणून बाहेर पडले.

पत्त्यावर कारखाना नव्हता. तिथे आता टायरांचं दुकान होतं. टायरवाल्यानं रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. मोठा रस्ता झाला होता, चांगला चौपदरी, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या मध्येच कापल्यासारख्या उभ्या होत्या. एका भिंतीवर अजून वरच्या मजल्याला जाणाऱ्या जिन्याच्या पायऱ्यांचा ठसा होता, मजला मात्र नव्हता. एका अर्ध्या खोलीच्या दाराला पाटी होती, "काजं-बटणं करून मिळतील". आत खिडकीपाशी एक बाई मान वाकवून बसली होती. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि रेडिओ अगदी हळू चालू.

पुस्तकरावांनी वाटेत वाक्य जुळवून आणलं होतं. "बाई, मी तो." एवढंच. त्याऐवजी त्यांनी पिशवीतून शर्ट काढून पुढे केला.

तिनं काज उजेडात धरलं. "हे झिजलं नाहीये. फाडलंय."

"नातवानं," पुस्तकराव म्हणाले. त्यांना नातू नव्हता.

"ब्लेडनं? लक्ष ठेवा बरं त्याच्यावर." तिनं सुईत दोरा ओवला. "बसा. काज आत्ता करते, पण उसवलेलं अंगही नीट करायला हवं, शर्ट उद्या मिळेल."

ते स्टुलावर टेकले. रेडिओवर एक तरुण गायक लागला होता. बाई थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, याच्या गळ्यात सगळं आहे, फक्त घाई जास्त आहे, कुणीतरी मागून हाका मारल्यासारखा गातो. ही धार पुस्तकरावांच्या ओळखीची होती. एकोणीस वर्षांचा मंगळवार समोर बसला होता.

त्यांनी धीर करून विचारलं, पूर्वी रविवारी सकाळी एक कार्यक्रम लागायचा, तो ऐकायचात का? बाई म्हणाली, ऐकायची म्हणजे काय, जीव टाकायची. वाचणारा उत्तम होता. लिहिणारा मात्र दुसराच कुणी असणार.

"कशावरून?"

"वाचणाऱ्याला भीती नव्हती, वाक्याला होती. रस्ता ओलांडताना आपण दोन्हीकडे बघतो ना, तसं ते वाक्य इकडेतिकडे बघत निघायचं." टाका घालता घालता ती हसली. "पण वाचलेला होता माणूस. मी त्याला दर आठवड्याला लिहायचे. माझं घ्यायचा तो. मला आवडायचं."

मग तिनं कुणी न विचारताच सगळं सांगितलं, पाऊण जन्म एकाच बाकावर काम केलेली माणसं सांगतात तसं, हात न थांबवता. पत्र टाकण्याआधी ती कारखान्यात मोठ्यानं वाचून दाखवी. बायका त्यात भर घालत, हे लिही, ते लिही, आणि रविवारी रेडिओभोवती जमून आपलं काय काय लागलं ते ऐकत. त्या रविवारीही जमल्या होत्या. पहिली तीन वाक्यं ओळखीची निघाली म्हणून टाळ्या पडल्या. चौथं आलं आणि खोलीत सुईचाही आवाज येईना. तुझं पत्र तूच टाकायला गेलीस ना, असं एकीनं विचारलं. रस्तेवाल्यानं तुला नवी खोली कबूल केली का, असं दुसरीनं. पुढे वस्ती तुटली तेव्हा तिची निदान अर्धी खोली राहिली, कित्येकींची काहीच राहिली नाही. मग तर पक्कंच झालं.

"समोर ती निळी खिडकी दिसते?" तिनं सुईनं दाखवलं. "आमच्या बाकावरची. एका रिळाचा दोरा आम्ही दोघी वापरायचो. तिचा मुलगा मला मावशी म्हणायचा. एकोणीस वर्षं झाली, ती बोलत नाही. मी दार उघडलं की ती खिडकी लावते."

"मग तुम्ही रेडिओला लिहून विचारलं नाहीत?"

"विचारलं. उत्तर आलं नाही."

आता. पुस्तकरावांनी तोंड उघडलं. आणि त्या तोंडातून, त्यांच्याच कानांना ऐकू येईल इतक्या स्पष्टपणे, बाहेर पडलं, "वरून दबाव असेल."

बाईनं सुई खाली ठेवली. "असेल. मी पण तेच धरून चालले. वरून आलं असेल तर त्या बिचाऱ्याचा काय दोष, त्यालाही पोटपाणी आहे. म्हणून कुणावर राग धरला नाही. पण भाऊ, राग नाही तर नाही, निळ्या खिडकीला मी काय सांगू? वरचा कोण ते मला माहीत नाही आणि खालचा कोण तेही माहीत नाही. माझ्या हातात कागद नाही." तिनं पावतीचं पुस्तक ओढलं. "नाव काय लिहू?"

पुस्तकरावांनी आपल्या मेलेल्या मेहुण्याचं नाव सांगितलं.

ते चालत घरी निघाले. ती त्यांना बिचारा म्हणाली होती. शिव्या दिल्या असत्या तर पोटात घालून आले असते. पण एकोणीस वर्षं तिनं त्यांना माफ करून ठेवलं होतं, आणि ती माफी त्यांनी खोट्या नावानं घेतली होती, वर तिच्या तोंडावर पुन्हा तेच खोटं सांगून.

बायकोनं पिशवी रिकामी बघून शर्ट कुठे आहे ते विचारलं. काज करायला टाकलाय म्हणाले. काजासाठी एवढ्या लांब कशाला गेलात, मी काय मेले होते, असं तिनं म्हटलं आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिनं गॅस बारीक केला. पुस्तकराव स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. बसून सांगायचं धैर्य त्यांना नव्हतं. त्यांनी उभ्यानं सगळं सांगितलं, तीन शब्दांपासून मेहुण्यापर्यंत.

तिनं शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाली, "मग वरून कोण बोललं होतं?"

"कोणी नाही."

"कोणीच नाही?"

"साहेब 'कसं काय' म्हणाले होते. तेही आदल्या आठवड्यात."

बायको ओट्याला टेकली. "त्या माणसाला मी पंधरा वर्षं शिव्या घातल्या. आजारी होता तेव्हा तुम्ही भेटायला चला म्हणालात, मी आले नाही. गेला तेव्हाही नाही आले." मग म्हणाली, "आणि माझ्या भावाचं नाव कशाला घातलंत त्यात? तो आयुष्यात कुणाला घाबरला नाही."

तिनं टेबलावरची मुद्रितं उचलून एका बाजूला ठेवली, त्यांच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि दिवा लावला. "लिहा. आणि तुमचं ते सुरेख-बिरेख काही नको."

पण हात तिथेच अडला. पहिल्या मसुद्यात त्यांनी आपल्या भित्रेपणाचं असं वर्णन केलं, की वाचणाऱ्याला त्यांची दया यावी. फाडला. दुसऱ्यात साहेबांची दाढ आली. तीही खरी होती, पण इथे तिचं काय काम? फाडला. तिसऱ्या वेळी त्यांनी, तिनं विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर लिहिलं.

"बाई, तुम्ही विचारलं होतंत, मी बदललं की वरून. वरून कोणी सांगितलं नव्हतं. चौथं वाक्य मी काढलं आणि दुसरं मीच लिहिलं. मला कुणी भीती घातली नव्हती, ती माझी मीच आणली होती. दोन वर्षं तुमची मतं मी माझी म्हणून खपवली. तुमचं पत्र माझ्याकडे आहे, उत्तर देता येत होतं आणि दिलं नाही. आज दुपारी शर्ट घेऊन आलो होतो तो मीच. नाव खोटं सांगितलं, नातवाचंही खोटं, दबावाचंही. राग माझ्यावर धरा. माझ्या संहितांचं पुस्तक निघत होतं, ते थांबवायला सांगतो आहे. त्यातलं तुमचं काय छापायचं आणि कुणाच्या नावानं, की काहीच नाही, ते तुम्ही ठरवाल."

वेगळ्या कागदावर, ठसठशीत अक्षरात, त्यांनी दोन ओळींचा मजकूर केला. अमुक रविवारच्या कार्यक्रमातलं चौथं वाक्य या बाईंचं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं ते असं, आणि पुढे तिचं वाक्य, एक अक्षरही न बदलता. खाली स्वतःचं खरं नाव, तेव्हाचा हुद्दा, आताचा पत्ता. हा कागद निळ्या खिडकीला दाखवण्यासाठी.

सकाळी भाच्याला फोन केला. तो आधी हसला, मग चिडला. मामा, एवढ्या जुन्या गोष्टीचं कुणाला काय पडलंय, लोकांना कळणारही नाही, असं म्हणाला. पुस्तकराव एरवी इथे हो म्हणाले असते. ते म्हणाले, "एका वस्तीला कळलं होतं," आणि फोन ठेवला.

तिनं पाठवलेल्या पाकिटावरचं तिकीट आता चालणार नव्हतं, पत्ताही कारखान्याचा होता. त्यांनी नवं पाकीट घेतलं आणि पेटीत न टाकता पोस्टाच्या खिडकीशी रांगेत उभे राहिले. पेटीत टाकलं आणि कुठे गहाळ झालं, तर पुन्हा लिहिण्याचं बळ आपल्यात आहे असं त्यांना वाटत नव्हतं. पुढे तिघेजण होते. पुढचा एकेक सरकला तसे हेही सरकले, आणि दोनदा तरी त्यांनी दाराकडे पाहिलं.

कारकुनानं पाकीट वजन केलं, पत्ता वाचला, नोंद केली. "पोच हवी का?" त्यानं विचारलं. "मिळाल्याची सही येईल तुमच्याकडे."

पुस्तकराव क्षणभर घुटमळले. तिची सही पुन्हा एकदा बघायला मिळाली असती.

"नको," ते म्हणाले. "उत्तरच आहे ते."

कारकुनानं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.